बारा हंसांसाठी खोली

रबाळ्यात धूळ मागावी लागत नाही.
खाणीवरचे डंपर वळणावर कचकन ब्रेक दाबतात
आणि ओला रंग तिला
जावयासारखा जवळ बसवून घेतो.
मागच्या खेपेला सोसायटीचं फाटक
सेक्रेटरीनं तर्जनीनं चोळून बघितलं,
म्हणाला, "ताई, टाचा घासू का यावर?"
पैसे अर्धे दिले. फाटक पूर्ण नेलं.

म्हणून ही खोली.
पाळणेवाल्या मढवींचे बारा हंस दारात येऊन उभे,
आकाशपाळण्याचे, प्रत्येकाच्या पोटात दोन बाकडी,
मानेसकट सात फूट, चोची गंजलेल्या,
जत्रेला सतरा दिवस.

दोन इंची पाइप, टी, एल्बो.
बारा बाय दहा, उंची मानेपेक्षा हातभर जास्त.
शेततळ्यात घालतात तसलं जाड प्लॅस्टिक, किलोवर घेतलेलं.
पंखा ऐरोलीच्या बंद पडलेल्या उडुपी हॉटेलचा:
पात्यांवरचं तेल खरवडता खरवडता
मला भर दुपारी मेदूवड्याची भूक लागली.
मोटर बाहेर, पट्ट्यावर.
"आत ठिणगी नको," शरफुद्दीनचाचा म्हणाले,
"थिनरला मस्करी कळत नाही."

पहिल्यांदा बटण दाबलं
तेव्हा चारी भिंती आत आल्या,
फोटोसाठी पोट ओढून घ्यावं तशा,
मग एक एल्बो निसटला
आणि अख्खं छप्पर सुखदेवच्या अंगावर.
तो आतून शिव्या देत होता, त्याही प्लॅस्टिकमधून.
चाचांनी पंखा थांबवला.
"नुसतं बाहेर काढायला लावलंस तिला.
आत कुठून घेईल बिचारी?"

समोरची भिंत कापली. तिथे
कूलरच्या गवताच्या जाळ्या, दुहेरी.
पंख्याआधी फोमची गादी. जमिनीवर पाणी.
रंगाचे डबे अजून शंभर पावलं लांब होते
तेव्हा मी उदबत्ती लावली.
धूर निघाला, हंसाच्या मानेशी घुटमळला,
पंख्याशी पोचेपर्यंत मी अकरा मोजले.
चाचा म्हणाले, नऊ कर.
पुली बदलली. नऊ झाले.

पांढरा मारताना चाचा बोलत नाहीत.
हात शेपटीच्या अलीकडून निघतो,
चोचीच्या पलीकडे जाऊन थांबतो,
जणू हंस थोडा मोठाच आहे.
सातव्यावर एक चिलट बसलं.
दोन जाळ्या ओलांडून, नऊ मोजून, नेमकं मानेवर.
मी चिमटा आणला.
"राहू दे. काढलंस तर खड्डा पडेल.
बसू दे, फिरेल फुकटात."

बारावा झाल्यावर गादी सोडवली.
आणली तेव्हा राखाडी होती, मऊ.
आता पांढरी, पापडासारखी ताठ,
जमिनीवर ठेवली तर आपली आपण उभी.
सहा दिवसांची.
चाचांनी उचलून तिचं वजन घेतलं.
चौतीस वर्षं, नाकाला रुमाल,
वागळेत, कळव्यात, मग इथे,
कपाटं, शटरं, टेम्पो, एकदा एक शववाहिनी.
"एवढा?" त्यांनी विचारलं.
मला नाही, गादीला.
सुखदेव चहा घेऊन आला होता,
तो दारातच थांबला.

जत्रेत मी सातव्यात बसले.
अंधारात मान चाचपली, सापडेना,
मग बोटाला लागलं. तिळाएवढं.
पाळणा वर जाऊन अडकला, खाली माणसं चढत होती.
तिथून डंपरांचे दिवे दिसत होते,
दिव्यांच्या पुढे पुढे त्यांचीच धूळ,
आमचा पत्रा मात्र ओळखू येईना.
चाचा खालीच.
"चक्कर येते मला," म्हणाले होते.
वर बघत उभे होते, नवा मास्क खिशात,
रुमाल अजून गळ्यातच.